फिरत्या शाळांचा पाद्री

मुंबईच्या शिक्षणमंडळात १८४७ साली जो वाद माजला होता, तो आमच्या पुष्कळ वाचकांच्या ऐकिवात असेल. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. सरकारजवळ पैसा थोडा, तेव्हा तो वरच्या वर्गातील थोड्या मुलांस इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात खर्च करावा, असा त्यांचा आग्रह. कर्नल जर्व्हिस व आमचे नाना शंकरशेट यांचे म्हणणे याच्या उलट होते. बहुजनसमाजास ज्ञान पोहोचवावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून पोहोचेल, दुसऱ्या वाटेने पोहोचणार नाही, असे ते म्हणत. हा वाद पुढे निरनिराळी सोंगे घेऊन चालत आला आहे, आणि त्यात स्वभाषेच्या बाजूने बोलणारा मनुष्य बहुधा ओशाळल्यासारखा बोलतो. स्वभाषेतील शाळा ही गरिबाची सोय आहे, खरे शिक्षण म्हणतात ते निराळेच, हे त्याने मनातल्या मनात आधीच कबूल करून टाकलेले असते. अशा सज्जनांकरिता आज आम्ही एका परदेशी धर्मोपदेशकाचे चरित्र सांगत आहो. पाद्र्याचे चरित्र या स्तंभात पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे आम्ही जाणून आहो. त्यांनी थोडा धीर धरावा. इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेल्या वेल्स देशातील हा ग्रिफिथ जोन्स नावाचा गृहस्थ पेरीसाहेबांच्या शंभर वर्षे आधी होऊन गेला, आणि ज्या प्रश्नावर मुंबईत कागदावर कागद लिहिले गेले, तो त्याने वाद न घालता करून दाखवून सोडवला होता.

वेल्सची तेव्हाची स्थिती आधी सांगितली पाहिजे. १५३६ च्या कायद्याने तो देश इंग्लंडात सामील करून घेण्यात आला, न्यायकचेऱ्यांची भाषा इंग्रजी ठरली, आणि इंग्रजीचा उपयोग न करणाऱ्या वेल्श माणसास सरकारी अधिकाराची जागा मिळू नये असेही त्याच कायद्याने ठरले. सामान्य कुणबी व मेंढपाळ यांस तर वेल्शखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. आपल्यावर फिर्याद कसली आहे, साक्षीदार काय बोलला, न्यायाधीशाने शिक्षा कोणती सांगितली, हे त्यांस दुभाष्याच्या तोंडून कळावयाचे. ज्याने कचेरीत दोन दिवस काढले आहेत त्याला हे चित्र रंगवून सांगण्याची गरज नाही. कचेरीतून हाकललेल्या या भाषेस आसरा मिळाला तो देवळात. १५८८ साली विल्यम मॉर्गन नावाच्या विद्वानाने संपूर्ण बायबलाचे वेल्श भाषांतर छापून प्रसिद्ध केले आणि चर्चमधील उपासना त्या भाषेत चालू लागली. पण ग्रंथ होता तरी वाचणारा नव्हता. वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचा तर लोकांच्या भाषेशी काडीचा संबंध नसे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १८७० सालापर्यंत वेल्समधील बिशपांच्या गाद्यांवर वेल्श बोलणारा एकही मनुष्य नेमला गेला नाही, एवढी एक गोष्ट सांगितली म्हणजे पुरे.

ग्रिफिथ जोन्स यांचा जन्म कार्मार्थन परगण्यातील पेनबॉयर नावाच्या खेड्यात झाला. बाप्तिस्म्याची नोंद १६८४ सालची आहे. लहानपणी त्यांनी मेंढ्या राखल्या. प्रकृती तोळामासा, दम्याने जी पाठ धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. कार्मार्थन येथील शाळेत शिकले तेवढेच. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिले नाही. धर्मोपदेशकाची दीक्षा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले ते एकाहून अधिक वेळा नामंजूर झाले, आणि अखेर १७०८ साली त्यांस दीक्षा मिळाली. पुढे लार्न या समुद्रकाठच्या गावी धर्मादाय शाळेवर मास्तरकी केली, लहानशा चर्चचे काम पाहिले, आणि १७१६ साली लानदाउरोर या गावचे मुख्य पाळक म्हणून नेमणूक झाली. ती मिळवून दिली सर जॉन फिलिप्स नावाच्या एका धनाढ्य जमीनदाराने. त्याच्याच बहिणीशी १७२० साली जोन्स यांचा विवाह झाला. मेंढपाळाच्या पोरास जमीनदाराची बहीण मिळाली याचे तेव्हा लोकांस नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. पण या सोयरिकीचा उपयोग जोन्स यांनी स्वतःचे घर भरण्याकडे केला नाही, हे पुढे दिसेलच.

वक्ते म्हणून त्यांची कीर्ती लवकरच पसरली. आपली हद्द सोडून दुसऱ्या गावी जाऊन ते उपदेश करू लागले, आणि देवळात माणसे मावेनाशी झाली म्हणजे आवारात किंवा उघड्या माळावर उभे राहून बोलू लागले. झाले! शेजारच्या पाळकांनी तक्रारी गुदरल्या आणि १७१४ साली बिशपपुढे जबाब देण्याचा प्रसंग आला. आपल्या गावचे भक्त दुसऱ्याच्या पायाशी जाऊन बसतात हे पाहून पोटात दुखणे हा विकार कोणत्याही एका धर्मापुरता नाही. जोन्स या प्रकरणातून निभावले. लोक आपणाकडे येतात ते हौसेने येत नाहीत. त्यांच्या गावी त्यांस समजेल असे सांगणारा कोणी नाही म्हणून येतात, असा त्यांच्या बचावाचा आशय होता.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक असा प्रसंग आला की तो आपणास विशेष वाटावा. लंडनात ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळी म्हणून एक संस्था १६९८ पासून होती. सर जॉन फिलिप्स तिच्या आधारस्तंभांपैकी एक. मद्रासच्या खाली तरंगमबाडी येथे डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले जर्मन मिशनरी १७०६ पासून काम करीत होते. त्यांस ही मंडळी पैशाची व माणसांची मदत करी. १७१३ साली तिने जोन्स यांस विचारले की हिंदुस्थानात जाल काय? त्यांचे मन तिकडे ओढ घेत होते. बराच काळ ते दोलायमान स्थितीत होते. शेवटी त्यांनी नकार दिला, आणि नकाराचे कारण असे की, आपले स्वतःचे देशबांधव ज्या घोर अज्ञानात आहेत ते डोळ्यांदेखत सोडून दूरच्या लोकांस ज्ञान सांगावयास जाणे त्यांच्या विवेकास पटले नाही. ज्या सद्गृहस्थांच्या देशप्रेमास घराबाहेर पडताच परदेशच्या गोष्टी आठवू लागतात, त्यांनी या निर्णयावर घटकाभर विचार करावा. जोन्स तरंगमबाडीस गेले असते तर तमिळ शिकून तेथेच कोठे निजले असते, आणि वेल्सचा इतिहास निराळा झाला असता.

त्या देशात शाळा मुळीच नव्हत्या असे नाही. वर सांगितलेल्या मंडळीने पुष्कळ धर्मादाय शाळा उघडल्या होत्या. परंतु बहुतेकांत शिक्षण इंग्रजीतून चाले. पोरगा शाळेत येई, ज्या शब्दांचा अर्थ घरी आईसही ठाऊक नाही ते शब्द दोन-चार वर्षे घोकी, आणि पेरणी-कापणीचे दिवस आले की बाप त्याला घरी नेई. पुढे तो परत आला तर आला. मास्तरास पगार मिळे, देणगीदारांस पुण्य मिळे, आणि पोराच्या पदरात काय पडे ते देवास ठाऊक.

जोन्स यांस खरी कल्पना सुचली ती भाकरी वाटताना. चर्चमध्ये जमलेल्या दानाच्या पैशांतून भाकरी घेऊन गोरगरिबांस वाटण्याची त्यांची रीत होती. लोक रांगेत उभे राहिले म्हणजे ते त्यांस धर्माविषयी दोन साधे प्रश्न विचारीत. उत्तरे ऐकून त्यांस कळून चुकले की आपण आठवड्यामागून आठवडे व्यासपीठावरून जे बोलतो त्यातले या लोकांपर्यंत फारच थोडे पोहोचते. वाचता येईना, तोवर ऐकलेले टिकेना. तेव्हा १७३१ साली त्यांनी मंडळीस पत्र लिहून लानदाउरोर येथे वेल्श भाषेची शाळा काढण्याचा बेत कळविला. तिच्यातूनच त्यांची प्रसिद्ध योजना निघाली.

योजना अशी. शाळेस इमारत नको. मास्तराने गावी जावे आणि चर्चमध्ये, शेतकऱ्याच्या घरात किंवा धान्याच्या कोठारात, जेथे जागा मिळेल तेथे बसावे. शाळा भरावयाची ती मुख्यतः हिवाळ्यात, शेतीची कामे मंदावलेली असताना. एका गावी मुक्काम सुमारे तीन महिने. तेवढ्यात गावातील माणसे वाचू लागली की मास्तराने बाडबिस्तारा उचलून पुढच्या गावी जावे. दिवसा मुले, आणि ज्यांना दिवसा सवड नाही अशा मोठ्या माणसांकरिता रात्रीचा वर्ग. गावच्या पाळकाने मागणी केली पाहिजे आणि शाळा संपल्यावर काम कसे झाले याचा दाखला त्यानेच लिहून पाठविला पाहिजे. शिकवावयाचे काय? वेल्श भाषेतील बायबल वाचणे आणि धर्माची प्रश्नोत्तरे. दुसरे काही नाही. मास्तरांस आधी लानदाउरोर येथे आणून जोन्स स्वतः तयार करीत. त्यांस वर्षास तीन-चार पौंड मिळत. आजच्या कोणा शिक्षकास हा आकडा सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही, आणि त्या वेळीही तो काही भूषणावह नव्हता.

तीन महिन्यांत अक्षरशत्रू माणूस ग्रंथ वाचू लागतो ही थाप वाटेल. पण वेल्श लिपीचे एक वैशिष्ट्य आहे, ते मराठी वाचकास चटकन समजेल. अक्षरे रोमनच, पण जे अक्षर लिहिले त्याचा उच्चार बहुधा ठरलेला. लिहावे एक आणि म्हणावे भलतेच हा इंग्रजीतील गोंधळ तेथे नाही. आपल्या बाळबोध अक्षराचे जे सामर्थ्य, तेच थोडेफार तेथे. अक्षरे ओळखीची झाली की शब्द आपोआप तोंडात येतो, आणि तो शब्द आईच्या तोंडचा असल्यामुळे अर्थ शिकविण्याचे कामच उरत नाही. जोन्स यांनी हे वर्म बरोबर ओळखले होते. इंग्रजीतून शिकविण्यास वर्षे लागतील तेथे वेल्शमधून महिने पुरतील, हा हिशेब त्यांनी देणगीदारांपुढे पुनःपुन्हा मांडला. पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसे एका कोठारात बसू लागली. चष्मा लावून बाराखडी गिरवणाऱ्या वृद्धांची वर्णने पाळकांच्या दाखल्यांतून येतात. हे भाग्य चाळीस वर्षांपूर्वी का लाभले नाही म्हणून कित्येक म्हातारे रडत, असेही त्यांत आहे.

पैसा कोठून आला? देशातून थोडा, इंग्लंडातून पुष्कळ. त्याकरिता जोन्स दरसाल इंग्रजीत एक अहवाल छापून प्रसिद्ध करीत. शाळा किती, विद्यार्थी किती, खर्च किती, आणि पाळकांचे दाखले, असे त्याचे स्वरूप. १७३७ च्या सुमाराच्या पहिल्या हिशेबात ३७ शाळा व २,४०० विद्यार्थी आहेत. वर्गणीचा हिशेब वेळच्या वेळी छापणे ही गोष्ट किरकोळ आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आपल्याकडील सार्वजनिक निधींचे इतिहास चाळून पाहावेत.

या अहवालांत एक गोष्ट अशी आहे की ती आम्ही झाकून ठेवणार नाही. श्रीमंत इंग्रजांच्या खिशात हात घालताना जोन्स त्यांस असे आश्वासन देतात की या शाळांमुळे गरीब लोक आपली पायरी सोडणार नाहीत. आम्ही त्यांस लेखन शिकवीत नाही, अंकगणित शिकवीत नाही. इंग्रजी तर नाहीच नाही, कारण इंग्रजी आली की मजूर शेत सोडून शहराकडे जाईल आणि तिकडची नास्तिक मते घेऊन येईल. वेल्श भाषा ही या पापांपासून संरक्षण करणारी भिंत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. गरिबाला वाचावयास शिकवून लिहावयास न शिकविणे म्हणजे त्यास कान देऊन जीभ नाकारणे होय. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा कोणाच्या कागदावर कसा उमटतो, हे आम्ही वकिलांनी पुष्कळ पाहिले आहे. जोन्स यांस स्वराज्य ठाऊक नव्हते, भाषाभिमानाची चळवळ ठाऊक नव्हती. जीव तारावयाचे एवढीच त्यांची दृष्टी, आणि वेल्श भाषा हे त्यांस केवळ जवळचे साधन. त्यांनी इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध एक अक्षर लिहिले नाही. आणि तरी राष्ट्राभिमानाच्या नावाने ज्यांनी पुढे व्याख्याने दिली त्यांच्याहून त्या भाषेचे संरक्षण या माणसाच्या हातून अधिक झाले, हेही आम्हांस तितक्याच स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे.

विरोध झाला तो घरातूनच. त्या दिवसांत वेल्समध्ये मेथॉडिस्ट पंथाची लाट उठली होती. तिचा एक मोठा पुढारी डॅनियल रोलंड हा १७३५ च्या सुमारास जोन्स यांचे प्रवचन ऐकूनच जागा झाला होता. तेव्हा फिरत्या शाळा म्हणजे या नव्या पंथाचे पेरणीयंत्र आहे, असा बोभाटा झाला. एग्लुइस गिमिन येथील पाळक जॉन इव्हान्स याने तर १७५२ साली शाळांवर व खुद्द जोन्स यांवर विखारी टीकेचे एक पुस्तकच छापले. जोन्स यांचे वर्तन या बाबतीत सावध होते. त्यास कोणी भित्रेपणाही म्हणेल. शिष्यांच्या उत्साहापासून ते जाणूनबुजून अंतर राखून राहिले, आपला मास्तर प्रस्थापित चर्चचाच सभासद असावा असा त्यांनी कटाक्ष ठेवला, आणि पाळकांची दारे शाळांकरिता उघडी ठेवली. शाळा आणि मित्र या दोहोंतून एक निवडावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी शाळा निवडली.

आता ज्या बाईवाचून हे सारे अधुरे राहिले असते तिच्याकडे वळू. ब्रिजेट बेवन, जन्म १६९८, हिचा बाप जॉन व्हॉन हाही शाळांच्या कामात पडलेला जमीनदार. नवरा पार्लमेंटचा सभासद. मॅडम बेवन या नावाने ती प्रसिद्ध आहे. जोन्स यांच्या योजनेस तिने पैसा दिला, इंग्लंडातील बड्या घरांतून मिळवून दिला, आणि १७५५ साली जोन्स यांची पत्नी वारल्यावर त्या वृद्ध, दमेकरी पाळकास लार्न येथील आपल्या घरी ठेवून घेतले. तेथेच १७६१ च्या एप्रिलच्या ८ तारखेस त्यांचा अंत झाला. तोवर सुमारे साडेतीन हजार शाळा भरून गेल्या होत्या आणि दिवसाच्या वर्गांत नोंदलेले विद्यार्थीच दीड लाखांवर होते. रात्री येणाऱ्या प्रौढांची तर मोजदादच नाही. त्या वेळी साऱ्या देशाची वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घ्यावे. याच काळात, १७४६ व १७५२ साली, वेल्श बायबलाच्या पंधरा-पंधरा हजार प्रतींच्या दोन आवृत्त्या छापाव्या लागल्या. वाचक निर्माण झाला की छापखान्यास काम मिळते. १७६४ साली रशियाच्या कॅथरीन राणीने या शाळांची माहिती मागविली होती.

मरताना जोन्स यांनी शाळांचे सुमारे सात हजार पौंड मॅडम बेवनच्या स्वाधीन केले. त्यांच्या मागे अठरा वर्षे त्या बाईने काम एकटीने चालविले, आणि कमी होऊ दिले नाही. स्त्रियांच्या हाती सार्वजनिक पैसा देऊ नये असे म्हणणाऱ्या आमच्या काही मित्रांनी ही अठरा वर्षे ध्यानात ठेवावीत. १७७९ साली ती वारली. मृत्युपत्राने तिने दहा हजार पौंड शाळांकरिता ठेवले, विश्वस्त नेमले, आणि लानदाउरोर येथे जोन्स यांच्याच चर्चमध्ये आपणास पुरावे असे केले.

पुढे जे घडले ते आमच्या धंद्याचे आहे, आणि लिहिताना आम्हांस लाज वाटते. विश्वस्तांपैकीच नात्यातील एकीने मृत्युपत्रास हरकत घेऊन पैसे अडवून धरले. प्रकरण लंडनच्या चॅन्सरी कोर्टात गेले. चॅन्सरीत गेलेले प्रकरण म्हणजे विहिरीत पडलेला हंडा. असतो, पण वर येत नाही. मास्तरांचे पगार बंद झाले, शाळा एकामागून एक मिटल्या. हेतू चांगला, देणगी मोठी, आणि दस्तऐवजात एक फट राहिली की पिढी बुडते, हे आम्ही आपल्याकडील धर्मादाय प्रकरणांतही पाहिले आहे. एका प्रकरणात तर शाळेचा निधी दाव्यात अडकून पडला असता ज्या मुलांकरिता तो ठेवला होता ती मुले बाप झालेली आम्ही स्वतः पाहिली. मॅडम बेवनच्या निधीतून शाळा पुन्हा सुरू होण्यास १८०९ साल उजाडले. दहा हजारांचे व्याजासह तीस हजारांवर पौंड झाले होते. पैसा वाढला होता. मधली तीस वर्षे कोणी परत देऊ शकत नव्हता. त्या शाळा १८५४ पर्यंत चालल्या, पण पूर्वीचे तेज त्यांत आले नाही.

तोवर काम दुसऱ्याच हातांनी उचलले होते. लानदाउरोर येथील शाळेत शिकलेला आणि जोन्स यांच्या एका म्हाताऱ्या शिष्याच्या सहवासात वाढलेला टॉमस चार्ल्स हा उत्तर वेल्समधील बाला गावी स्थायिक झाला. त्याने १७८५ च्या सुमारास तीच फिरत्या शाळांची पद्धत तिकडे सुरू केली आणि पुढे तिला रविवारच्या शाळांचे रूप दिले. मुले व म्हातारे एकत्र, भाषा वेल्श, मास्तर बिनपगारी. आता मृत्युपत्राचीच गरज उरली नाही, तेव्हा कोर्टाचा उपद्रवही उरला नाही.

१८४७ साली, म्हणजे पेरीसाहेब मुंबईत इंग्रजीचा पक्ष मांडीत होते त्याच वर्षी, वेल्समधील शिक्षणाच्या चौकशीचा अहवाल लंडनात प्रसिद्ध झाला. चौकशी करणारे तिघेही इंग्रज बॅरिस्टर. एकासही वेल्श येत नव्हते. वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीस व नीतीस अडथळा आहे, असे त्यांनी आपल्या निळ्या पुठ्ठ्यांच्या ग्रंथांत लिहून ठेवले, आणि त्या निळ्या पुस्तकांचा राग त्या देशात अजून विझलेला नाही. मात्र रविवारच्या शाळांत पोहोचल्यावर त्याच बॅरिस्टरांस असे आढळले की मजूर, खाणकामगार व त्यांच्या बायका स्वतःच्या भाषेतील अवघड ग्रंथ वाचीत आहेत व त्यावर आपसांत वाद करीत आहेत. आणि तेवढ्यापुरती स्तुती त्यांस करावी लागली.